रापणीच्या दोरावरचा ताण

रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढून करायच्या मासेमारीचे, जाळे आणि ते ओढण्याचे दोर आज मुख्यतः नायलॉन, पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनचे असतात. ही तिन्ही अर्धस्फटिकी बहुवारिके आहेत. त्यांच्या लांबलचक रेणुसाखळ्या काही ठिकाणी घड्या घालून शिस्तीत रचलेल्या असतात, तर मधल्या जागेत मोकाट गुंतलेल्या असतात. शिस्तीतला स्फटिकी भाग ताठपणा देतो; गुंत्याचा भाग ताणला जातो आणि सोडल्यावर मागे येतो. काही साखळ्या एका स्फटिकातून निघून, गुंता ओलांडून, दुसऱ्या स्फटिकात शिरतात. गोव्यातल्या मांद्रे-आश्वेच्या किनाऱ्यावर रापण ओढताना येणारा भार शेवटी या जोडणाऱ्या साखळ्याच पेलतात.

होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडले जाते आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर दोन गट वाळूवरून ओढतात. आधी पिळाचा ढिलेपणा जातो. मग गुंत्यातल्या साखळ्या सरळ होऊ लागतात. या टप्प्यावर ओढ सैल केली तर दोर जवळजवळ मूळ लांबीवर येतो.

भार आणखी वाढला की काय होते, ते पॉलिएथिलीनच्या पातळ पिशवीची पट्टी हळूहळू ओढली तर डोळ्यांनी दिसते. पट्टी एका जागी अचानक अरुंद होते आणि ती अरुंद जागा दोन्ही बाजूंना पसरत जाते. आत स्फटिकांचे थर घसरतात, त्यांचे तुकडे होतात आणि साखळ्या ओढीच्या दिशेने रांगेत लागतात. ही लांबी परत येत नाही. मात्र ताणलेला भाग त्या दिशेने पूर्वीपेक्षा कितीतरी मजबूत होतो. वाईसारख्या ठिकाणच्या दोर-जाळ्यांच्या कारखान्यांत हेच मुद्दाम घडवतात: वितळलेल्या पदार्थाचा तंतू काढून तो मूळ लांबीच्या अनेक पट ताणतात. दोराचे बळ या ताणण्यातून येते.

वेळही महत्त्वाची असते. लाटेच्या झटक्यात साखळ्यांना सरकायला सवड मिळत नाही, म्हणून दोर ताठ वागतो. तोच भार तासन्‌तास राहिला तर त्या हळूहळू सरकतात आणि दोर लांबत जातो. हे विसर्पण पॉलिएथिलीनमध्ये अधिक होते, कारण त्याच्या साखळ्यांमधले आकर्षण दुबळे असते. नायलॉनच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून ठेवतात.

हे बंध जोडणारे साखळीतले गट पाण्यालाही ओढून घेतात. नायलॉन-6 भिजून पूर्ण तृप्त झाले की वजनाच्या सुमारे 9 ते 10 टक्के पाणी शोषते. पाणी फक्त गुंत्याच्या भागात शिरते आणि साखळ्यांची पकड सैल करते. कोरड्या नायलॉनचा हा भाग सुमारे 50 अंश सेल्सियसपर्यंत कडक असतो. भिजल्यावर तो समुद्राच्या नेहमीच्या तापमानालाच लवचिक होतो. ओल्या जाळ्याचे बळ थोडे घटते, पण ते अधिक ताणते आणि मासळीची धडक सोसते. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ शोषत नाही. त्याची घनता दर घन सेंटिमीटरला 0.91 ग्रॅम, म्हणजे पाण्यापेक्षा कमी, असल्याने दोर तरंगतो; 1.14 घनतेचे नायलॉन बुडते.

गाठ हा जाळ्याचा कमजोर भाग आहे. तिथे तंतू तीव्र वाकतो, बाहेरची बाजू जास्त ताणली जाते आणि तुटण्याची सुरुवात बहुधा तिथेच होते. तंगुसाचा, म्हणजे एकेरी नायलॉनचा, गुळगुळीत तंतू गाठीतून निसटतोही. म्हणून दुहेरी गाठ मारतात आणि कारखान्यात जाळे ताणून, उष्णता देऊन गाठी बसवतात.

सर्वांत मोठी हानी उन्हाने होते. अतिनील किरण आणि प्राणवायू मिळून साखळ्या तोडतात. प्राणवायूला घट्ट स्फटिकात सहज शिरता येत नाही, त्यामुळे गुंत्याचा भाग आणि त्यातल्या जोडणाऱ्या साखळ्या आधी निकामी होतात. स्फटिक शाबूत असल्याने दोर दिसायला ठीक वाटतो, पण त्याची ताणण्याची क्षमता गेलेली असते. संरक्षक द्रव्य नसलेले पॉलिप्रॉपिलीन या बाबतीत विशेष नाजूक असते. म्हणून पावसाळ्यात मासेमारी थांबते तेव्हा जाळी सावलीत ठेवणे हा त्यांचे आयुष्य वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

जुना दोर पारखताना केवळ जाडी पाहणे पुरेसे नसते. पृष्ठभागावर पांढुरकी भुकटी, तंतूंवर आडव्या भेगा किंवा वाकवताच तुटणारे तंतू दिसले, तर तो भाराच्या कामातून काढावा. ताणलेल्या नायलॉनच्या दोरात मोठी ऊर्जा साठलेली असते; तो तुटल्यास टोक जोराने मागे फटकारते. म्हणून दोराच्या सरळ रेषेत कोणी उभे राहू नये.