कांद्यात फूल आधीच असतं का?

मागच्या वेळी आपण सत्कार्यवादापाशी थांबलो होतो. कार्य कारणात आधीच असतं, असं सांख्य म्हणतात. नैयायिक म्हणतात, छे, ते नव्यानंच उत्पन्न होतं. उदाहरणं ठरलेली : तिळातलं तेल, मातीचा घडा. आज आपण ट्यूलिपचा कांदा घेऊ.

हा कांदा उन्हाळ्यात जमिनीतून काढतात. तो कोरडा पडून असतो, तेव्हाच त्याच्या पोटात पाकळ्या, पुंकेसर सगळं घडतं. लागवडीआधी उभा चिरा, आत इवलंसं फूल दिसतं. सांख्यांना याहून चांगला साक्षीदार कुठला मिळणार! मात्र त्याला १२ ते १६ आठवड्यांची थंडी लागते, नाहीतर दांडा नीट लांबत नाही. ही थंडी काही अंशी जिबरेलिन या संप्रेरकानं भरून काढता येते. (त्याचा माग लागला तो भाताच्या रोगामुळे. रोपं भलतीच उंच वाढून लोळायची. हे बुरशीच्या स्रावामुळे होतं, असं १९२६ मध्ये एइइची कुरोसावा यांनी दाखवलं.) जिबरेलिन इथे फूल घडवत नाही, घडलेल्याला वर आणतं.

आता डच आयरिस. कांदा काढतो तेव्हा त्यात फूल नसतं. ते लागवडीनंतर घडतं. कांदा लहान असेल तर नुसती पानं. पण धुरी दिली, म्हणजे धुरातला एथिलीन वायू लागला, की एरवी फुलला नसता असा लहान कांदाही फूल धरतो. गुच्छदार नार्सिससचंही तसंच. इंग्लंडजवळच्या सिली बेटांवर शेतकरी त्याच्या वाफ्यांवर पेंढा जाळत, फुलं लवकर यावीत म्हणून.

म्हणजे नैयायिक जिंकले? थांबा. हाच एथिलीन ट्यूलिपचा वैरी. साठवणीत फ्युजेरियम बुरशी लागलेला एक कांदा हा वायू सोडतो आणि शेजारच्या निरोगी कांद्यांतल्या कळ्या मरतात. आम्ही हे पुस्तकात वाचलं, पण फार उशिरा. पुण्यात थंडी कुठली, म्हणून आम्ही कांदे तीन महिने फ्रिजमध्ये ठेवले, सफरचंदांशेजारी. सफरचंदंही एथिलीन सोडतात. पानं छान आली. कळ्या कागदासारख्या वाळल्या.

घरातून प्रश्न आला, "अहो, फूल आधीच होतं ना आत? मग गेलं कुठं?"

सांख्य म्हणतील, अभिव्यक्ती झाली नाही. आम्हाला ही पळवाट वाटते. वाळलेली कळी आमच्या हातात होती. नव्यन्याय इथे अधिक कामाचा. त्यात प्रतिबंधकाचा अभाव हेही कारणच धरतात. म्हणजे फ्रिजमध्ये सफरचंद नसणं हेही फुलाचं एक कारण. हे उत्तर घरी फारसं पटलं नाही. सफरचंदं मात्र तेव्हापासून बाहेर टोपलीत असतात.