त्यांची पेन्शन, आपलं टेन्शन

'एकच मिशन, जुनी पेन्शन!' १४ ते २० मार्च २०२३. सात दिवस राज्य सरकारी कर्मचारी संपावर होते. नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांनाही शेवटच्या बेसिकच्या निम्मी पेन्शन द्या, ही मागणी. जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत कामाला जाणारे आपण म्हणालो, 'यांचे भारीच लाड!'

आता जरा आपला हिशोब बघा. पीएफच्या पेन्शनसाठी पगार धरतात तो जास्तीत जास्त १५ हजार, ही मर्यादा २०१४ मधली. तीस-पस्तीस वर्षं घासली तरी हातात महिना साडेसात हजारांच्या आसपास. त्यांना २०२४ मध्ये २५ वर्षांच्या सेवेला निम्म्या बेसिकची हमी देणारी स्कीम राज्याने मंजूर केली.

मंडळी, त्यांना जास्त मिळतं हा प्रश्नच नाही. त्यांनी मागितलं. आपण कधी मागणार?