एकच वास्तुशिल्पी, दोन उंच इमारती

उंच इमारत दिसली की आपण आधी तिचे मजले मोजतो. पण ऊन, वारा आणि पाऊस यांच्याशी ती कशी वागते, हे आपण सहसा पाहत नाही. चार्ल्स कोरिया यांच्या दोन इमारती शेजारी ठेवून पाहिल्या, की या प्रश्नाचे महत्त्व लक्षात येते. कोरिया यांचा जन्म १९३० चा, सिकंदराबादचा. शिक्षण मुंबईत आणि अमेरिकेत झाले आणि काम मुंबईतून केले. नवी मुंबईच्या आखणीतही त्यांचा मोठा वाटा होता. २०१५ साली ते गेले.

पहिली इमारत म्हणजे मुंबईतील कंबाला हिलवरची ‘कांचनजंगा’. ती १९८३ साली पूर्ण झाली. मजले २८, उंची ८४ मीटर, पण घरे अवघी ३२. तळ चौरस आणि त्याची प्रत्येक बाजू २१ मीटर, म्हणजे रुंदीच्या चौपट उंची झाली.

मुंबईत समुद्रावरचा गार वारा पश्चिमेकडून येतो. मात्र दुपारचे कडक ऊन आणि पावसाची झोडही तिकडूनच येते. खिडकी उघडावी तर घर भिजते आणि मिटावी तर जीव गुदमरतो. जुन्या बंगल्यांनी यावर सोपा उपाय काढला होता, तो म्हणजे भोवतीचा व्हरांडा. पण २८ मजली मनोऱ्याला व्हरांडा जोडायचा कसा? कोरियांनी इमारतीचे कोपरेच कोरून काढले आणि तिथे दोन मजले उंचीच्या, बागेसारख्या गच्च्या दिल्या. ऊन-पावसाचा पहिला मारा गच्ची झेलते आणि आतल्या खोलीत वारा तेवढा येतो. इमारतीच्या मधोमध लिफ्टभोवती काँक्रीटचा भक्कम गाभा आहे. वाऱ्याचा आडवा रेटा मुख्यतः तोच पेलतो.

दुसरी इमारत दिल्लीत, कॅनॉट प्लेसला. आयुर्विमा महामंडळाची ही ‘जीवन भारती’ १९८६ साली पूर्ण झाली. कांचनजंगा सडपातळ, तर ही पसरलेली. लाल दगड आणि काच यांनी ती घडवली आहे. तिच्या दोन भागांना वरून एक भलामोठा मांडव जोडतो. समोरचे आभाळ, झाडे आणि जुन्या इमारती तिच्या काचेत आरशासारख्या दिसतात. कांचनजंगा हवामानाशी बोलते, जीवन भारती शहराशी बोलते, असे मला वाटते.

या काचेवर टीकाही झाली. काचेचा स्वभावच तसा आहे. उन्हाचा प्रकाश ती आत येऊ देते, त्याने फरशी आणि भिंती तापतात, पण ती उष्णता तितक्या सहज बाहेर जाऊ देत नाही. मग खोली गार ठेवायला यंत्र लागते आणि यंत्राला वीज लागते. अर्थात कचेरीत माणसे दिवसा आठ-दहा तास असतात. घरात म्हातारी माणसे आणि लहान मुले दिवसरात्र असतात. त्यामुळे कचेरीला जे खपते, ते घराला खपेलच असे नाही.

आता तुम्ही म्हणाल, बुलढाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढे या आमच्या गावाला या मनोऱ्यांशी काय करायचे? करायचे आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. जुन्या घरांना जाड मातीच्या भिंती आणि पुढे ओसरी असायची. आता स्लॅब पडतो, ओसरी जाते आणि दर्शनी बाजूला शहरासारखी काच हवीशी वाटते. यंदा आमच्याही घरावर एक मजला चढायचा आहे आणि वरची खोली आईची असणार आहे. खोलीची दर्शनी बाजू नेमकी पश्चिमेला आहे. मिस्त्रींचा आग्रह मोठ्या काचेचा आहे. मी मात्र तिथे चार फुटांची सावलीची ओसरी मागितली आहे. खोली तेवढी लहान होईल, पण दुपारी दार उघडे ठेवता येईल.

कांचनजंगातली घरे श्रीमंतांची आहेत, ती आपल्या आवाक्यातली नाहीत. पण तिच्यातली मुख्य युक्ती आपल्या ओसरीचीच आहे. घर बांधायला काढाल तेव्हा नकाशावर आधी पश्चिम दिशा शोधा आणि ऊन कुठे अडवायचे ते ठरवा. काचेचे मग पाहता येईल.