उंबरठ्यावरच्या अटी : कमला सोहोनी यांच्या बंगळुरू-प्रवेशाची कथने

मुंबई विद्यापीठातून १९३३ साली रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. झालेल्या कमला भागवत (१९११-१९९८, विवाहानंतर सोहोनी) यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे संशोधनासाठी अर्ज केला. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ व याच संस्थेचे माजी विद्यार्थी. संस्थेचे तत्कालीन संचालक, नोबेल पारितोषिकविजेते सी. व्ही. रामन यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती. कमलाबाईंनी बंगळुरू गाठले, संचालकांना जाब विचारला, सत्याग्रहाचा इशारा दिला. प्रवेश मिळाला, पण अटींवर. चरित्रलेखांतून आणि व्याख्यानांतून हा प्रसंग इतक्या वेळा सांगितला गेला आहे की, त्याला लोककथेसारखी ठरीव घडण प्राप्त झाली आहे : नकार, जिद्द, यश आणि अखेरीस थोर पुरुषाचे मतपरिवर्तन. या घडणीत अटी मात्र केवळ अडथळा म्हणून येतात व मागे पडतात. वस्तुतः प्रसंगाचा अर्थ त्या अटींतच साठलेला आहे.

प्रचलित कथनांनुसार अटी तीन होत्या. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल. आणि प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये. पैकी पहिल्या दोन अटी कोणत्याही नवख्या संशोधकावर घालता आल्या असत्या. तिसरी केवळ स्त्रीवरच घालता येते. तिचा विषय अर्जदाराचे काम हा नाहीच. इतरांचे चित्त हा आहे. पुरुषांच्या एकाग्रतेचे उत्तरदायित्व तेथे स्त्रीकडे सोपवले जाते. मराठीतील ‘मर्यादा’ हा शब्द येथे उपयोगी पडतो, कारण सीमा आणि अदब हे दोन्ही अर्थ त्यात एकवटले आहेत. मर्यादा ‘पाळली’ जाते, ‘ओलांडली’ जाते आणि ‘राखली’ही जाते, तिसरी अट या तिसऱ्या क्रियापदाची आहे. रमाबाई रानडे यांच्या १९१० मधील आठवणींत शिकू पाहणाऱ्या सुनेवर अशी मर्यादा घालण्याचे काम घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया करतात, आणि पती हा शिक्षणाच्या बाजूचा असतो. बंगळुरूच्या कथेत घर पूर्णपणे मुलीच्या बाजूने उभे आहे आणि माजघराची भूमिका आधुनिक विज्ञानाच्या संस्थेकडे आली आहे. घर म्हणजे परंपरा व संस्था म्हणजे आधुनिकता ही सोयीची विभागणी येथे टिकत नाही.

‘सत्याग्रह’ या शब्दाकडेही थोडे थांबून पाहिले पाहिजे. कथने त्याला गांधीप्रणीत स्वातंत्र्यलढ्याशी जोडतात, आणि ते योग्यच आहे. परंतु १९३३ च्या मराठी मुलखात या शब्दाला आणखी एक जिवंत संदर्भ होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० साली सुरू झालेला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह तेव्हा थांबलेला नव्हता. बंद दारासमोर बसून प्रवेश मागणे हा अर्थ त्या लढ्याने शब्दाला दिला होता. दोन्ही प्रसंग एका पातळीवर मात्र ठेवता येत नाहीत. काळारामाच्या दारातल्या सत्याग्रहींच्या पिढ्यांना त्या दारातून कधीच आत घेतले गेले नव्हते. कमलाबाईंचे वडील आणि चुलते संस्थेच्या दारातून आत जाऊन आले होते. त्यांची मागणी वारसाहक्काच्या जवळ जाते. या फरकाची नोंद कथनांत अभावानेच आढळते.

एका वर्षानंतर रामन यांचे समाधान झाले. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम करून कमलाबाईंनी १९३६ साली मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळवली आणि पुढील वर्षी त्या केंब्रिजला गेल्या. तेथे वनस्पतींच्या ऊतींत त्यांना ‘सायटोक्रोम सी’ या द्रव्याचे अस्तित्व आढळले आणि अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. येथे बहुतेक कथने बंगळुरूचा अंधार आणि केंब्रिजचा प्रकाश अशी मांडणी करतात. ती तपासण्याजोगी आहे. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण अधिकारांसह पदवी देण्यास आरंभ केला तो १९४८ साली; तोवर त्यांना मिळे ती पदवीची केवळ उपाधी. कोलकाता विद्यापीठाने मात्र कादंबिनी बसू आणि चंद्रमुखी बसू यांना १८८३ सालीच पदवीधर केले होते. व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ (१९२९) मधील निवेदिकेला ग्रंथालयाच्या दारातच अडवले जाते; सोबतीला फेलो हवा किंवा शिफारसपत्र तरी हवे. बंगळुरूची तिसरी अट आणि हे शिफारसपत्र एकाच जातकुळीचे आहेत. दोहोंतही स्त्रीचा प्रवेश पुरुषाच्या हमीवर किंवा सोयीवर टांगलेला आहे.

रामन यांनी पुढे स्त्रियांना प्रवेश दिला, हा कथेचा सुखान्त मानला जातो. त्यांच्या प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात हिरे व माणके यांच्या प्रकाशगुणांवर काम करणाऱ्या अण्णा मणी यांचा प्रबंध मद्रास विद्यापीठाने पीएच.डी.साठी विचारात घेतला नाही, कारण त्यांच्याकडे एम.एस्सी. नव्हती. दार उघडले, पण आतली दालने वेगळ्या कुलपांची होती. आभा सूर यांच्या ‘डिस्पर्स्ड रेडिअन्स’ (२०११) या ग्रंथाने या दालनांचा लिंगभाव व जात या दोन्ही अंगांनी शोध घेतला आहे.

कमलाबाईंचे इंग्रजी चरित्रकथन ज्या ‘लीलावतीज डॉटर्स’ (२००८) या संग्रहात आले, तो प्रकाशित केला बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसने. या अकादमीचे संस्थापक (१९३४) स्वतः रामन होत. ज्याने दार अडवले त्याच्याच संस्थेने ही कथा छापावी, हे काळाच्या न्यायबुद्धीला शोभणारे आहे. शीर्षक मात्र विचार करायला लावते. भास्कराचार्यांच्या ग्रंथात लीलावतीला उद्देशून गणिते घातली जातात. तिचा स्वतःचा शब्द त्यात नाही. कमलाबाईंची कथाही बहुतांशी इतरांच्या लेखणीतून आली आहे. त्यांच्या थोरल्या भगिनी दुर्गा भागवत यांच्या वाट्याला मराठी गद्यातला स्वतःचा ठणठणीत आवाज आला. धाकटीचा आवाज शोधनिबंधांत राहिला.

त्या शोधनिबंधांच्या काळाकडे कथने फारशी वळत नाहीत. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये कमलाबाईंनी दीर्घकाळ जीवरसायनशास्त्र शिकवले आणि विद्यार्थ्यांसह कडधान्ये, नीरा अशा सामान्यांच्या आहारातील पदार्थांवर संशोधन केले. संचालकपद मात्र त्यांच्यापर्यंत वेळेवर आले नाही. येथे जाब विचारता येईल असा एकच रामन नव्हता. होत्या त्या समित्या, सेवाज्येष्ठतेच्या याद्या आणि न झालेले निर्णय. संवाद नाही, नाट्य नाही, म्हणून प्रसंगही नाही. चरित्रलेखांची वाक्ये या टप्प्यावर आखूड होत जातात; नीरेवरील कामासाठी मिळालेल्या राष्ट्रपती पुरस्काराचा उल्लेख येतो आणि लेख आटोपतो.