विकायचे घर मांडताना

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. परंतु राहते घर विकण्याचा प्रसंग ज्याच्यावर येतो, त्याला ते कामही काही सोपे वाटत नाही. वर्षानुवर्षे वावरलेल्या खोल्या परक्याच्या नजरेला कशा दिसतात, हे घरच्या माणसांना उमगत नाही. ही परकी नजर आणून देणारा एक व्यवसाय आता रूढ झाला आहे. अमेरिकेत बार्ब श्वार्ट्झ या बाईंनी १९७२ साली त्याचा पाया घातला, असे मानतात. विक्रीपूर्वी घर आवरून, उजळून, मोजक्या सामानाने मांडून देणे हे त्याचे स्वरूप. बांधकाम-व्यावसायिकांची ‘नमुना सदनिका’ याच विद्येतली.

कोलकात्यातील जुन्या घरांना या विद्येची विशेष गरज आहे. लाल गिलाव्याची गुळगुळीत जमीन, हिरव्या झडपांच्या उंच खिडक्या, दारापुढे ‘रोआक’ नावाचा ओटा आणि वर मोकळी गच्ची, हे त्यांचे वैभव. पण तिथे जमीन ‘काठा’ या मापाने मोजतात. एक काठा म्हणजे ७२० चौरस फूट. अडगळीने भरलेल्या, ओल आलेल्या घरात गिऱ्हाईक फक्त काठे मोजते आणि पुढे इमारत पाडली जाते. अशी घरे वाचावीत म्हणून साहित्यिक अमित चौधुरी यांनी २०१५ साली मोहीम सुरू केली. घर घर म्हणूनच घेणारा कोणी भेटावा, असे वाटत असेल, तर त्यातले घरपण आधी दिसले पाहिजे.

त्यासाठी जाणकार मंडळी प्रथम निम्मे सामान हलवतात. खिडकीआड आलेले कपाट बाजूला झाले की उजेड आपोआप आत येतो. जमीन घासूनपुसून घेतली की तिचा मूळचा लाल रंग वर येतो. अडकलेल्या झडपा मोकळ्या करतात, दाराची पितळी कडी चकचकीत करतात, आणि प्रत्येक खोली कशासाठी आहे हे एका पलंगाने वा एका मेजाने सुचवतात. मग छायाचित्रे घेतात. कारण आजचा ग्राहक घर प्रथम चित्रातच पाहतो. श्यामबाजार भागातील १९२० च्या दशकातले एक घर डागडुजी करून ‘कॅलकटा बंगलो’ या नावाने पाहुण्यांसाठी खुले केले आहे. जुनी वास्तू जपून मांडली तर लोक तिथे आवडीने राहतात, याचा तो पुरावाच आहे.

मात्र मांडणे निराळे आणि झाकणे निराळे. बंगालच्या दमट हवेत ओलीवर रंग फासला, तर पहिल्याच पावसाळ्यात पोपडे निघतात. आधी गळती काढावी, मग रंग द्यावा. कायद्याचेही तेच सांगणे आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५ व्या कलमानुसार, मालमत्तेतला जो मोठा दोष विक्रेत्याला ठाऊक आहे, परंतु खरेदीदाराला ठाऊक नाही आणि साधारण दक्षतेने दिसणारही नाही, तो सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे.

घेणाऱ्यानेही सजावटीला भुलू नये. मोजपट्टी बरोबर न्यावी, झडपा उघडून पाहाव्यात, आणि एखादी फेरी पावसात मारावी. विकणाऱ्याने घर मोकळे करावे आणि मनही मोकळे ठेवावे. तसे झाले, तर घराचा मालक बदलेल, पण घर उभे राहील.