नियम सगळ्यांचा, पण तुमचं काय?

ऑफिसातल्या टायपिंगचंच घ्या. सगळ्यांची तुलना केली, तर फास्ट टाइप करणाऱ्यांच्या चुका सहसा कमीच असतात. हात बसलेला असतो ना! म्हणून उद्या तुम्हीही स्पीड वाढवलात, तर चुका कमी होतील? छे, वाढतील! नियम खराच, पण तो माणसामाणसांतल्या फरकाचा. तुमच्या एकट्याच्या चढउतारांचा नव्हे.

सगळ्यांना लागू पडणारे नियम शोधायचे की एकेक माणूस समजून घ्यायचा? मानसशास्त्रातला हा वाद जुनाच. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९३७ मध्ये बजावलं, दोन्ही हवं. कधीकधी एकच माणूस सगळ्यांबद्दल सांगून जातो. १९५३ मध्ये मेंदूच्या ऑपरेशननंतर हेन्री मोलेसन यांना नव्या घटना लक्षात राहीनात. त्यांच्या अभ्यासातून कळलं, की आठवणी साठवायला मेंदूचा ठरावीक भाग लागतो.

तेव्हा पर्सनॅलिटी टेस्टचा रिपोर्ट हाती आला, तर एवढं लक्षात ठेवा: इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे, इतकंच तो सांगतो. तुमचा मूड कशाने जातो, ते शोधायचंय? दोन आठवडे झोप, कॉफी, मीटिंग आणि मूड रोज डायरीत लिहा. या अभ्यासात सॅम्पल एकच, पण तुमचं!