टोपणनावाचं कृष्णविवर

चेंबूरहून शीवकडे जाताना वि. ना. पुरव मार्गावर, चुनाभट्टीला, मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन लागतं. परिषदेच्या 1974 च्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या अनोळखी लेखकाची ‘कृष्णविवर’ पहिली आली. हे जगताप म्हणजे तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेले जयंत विष्णू नारळीकर! ज. वि. ना. ही आद्याक्षरं त्यांनी उलटी फिरवली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी उतरवून दिली. हा कावा बाकी झकास. कथालेखनाचं वळण नारळीकरांनी गुरूकडेच पाहिलं म्हणायचं: केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांची ‘द ब्लॅक क्लाऊड’ ही विज्ञान कादंबरी 1957 मध्येच आली होती. नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह पुढचा.